खटका कुणाच्या हातात

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत एसटी स्टँडच्या आसपास एखादं तरी व्हिडिओ गेम पार्लर असायचं. मुलींनी तिथे जायची रीत नव्हती. मी भावाच्या मागे मागे जायची. सगळ्यांत जास्त गर्दी ‘मुस्तफा’च्या मशीनवर. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या त्या १९९३ सालच्या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’, पण ते कुणी घेत नसे. धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा म्हणजेच खेळ. शेजारी ‘स्ट्रीट फायटर टू’ असायचा. मशीनच्या पाठीला कुलूप लावलेलं दार होतं. मालक ते उघडून अडकलेलं नाणं काढतो, एवढंच आम्हाला दिसायचं. आत सर्किट बोर्डावर नखाहून लहान खटक्यांच्या रांगा असतात, हे मला फार उशिरा कळलं. डिप स्विच म्हणतात त्यांना. ‘स्ट्रीट फायटर टू’च्या बोर्डावर त्यांतले तीन खटके वरखाली करून अवघडपणाच्या आठ पायऱ्यांपैकी एक निवडता येई. एका पार्लरमध्ये सहज हरणारा ब्लांका नावाचा प्रतिस्पर्धी दुसऱ्या पार्लरमध्ये डोकंच वर काढू देत नसे, त्याचं कारण बहुधा त्या दारामागे होतं.

म्हणजे खेळ सोपा-अवघड करायची सोय तेव्हाही होती. ती खेळणाऱ्याकडे नव्हती, गल्ल्यावर बसणाऱ्याकडे होती. एक नाणं किती मिनिटं टिकावं, हे त्याला ठरवता येत होतं.

मुद्दाम अवघड बनवलेल्या खेळांत सोपी पायरी, म्हणजे खेळाडूंच्या बोलीत ‘इझी मोड’, असावी की नाही, यावर जगभरचे खेळाडू गेली काही वर्षं हमरीतुमरीवर येताहेत. त्या भांडणात हे मागचं दार विसरलं जातं. एकेकाळी खेळ निखळ अवघड होते, खेळाडू चिवट होते आणि आता लाड चालले आहेत, असा सूर ऐकू येतो. इतिहास तसा नाही. अवघडपणा नेहमी कुणीतरी, कशासाठीतरी ठरवलेला होता. कधी धंद्यासाठी, कधी कलेसाठी, आणि कधी तर निव्वळ योगायोगाने.

योगायोगाचं उदाहरण फार सुंदर आहे. तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली ताइतो कंपनीसाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला. पडद्यावर परग्रहावरच्या शत्रूंच्या रांगा उतरत येतात आणि एकेक मारत जावं तसतसे उरलेले अधिकाधिक वेगाने सरकू लागतात. हा वेग आधी योजलेला नव्हता. त्या काळच्या प्रोसेसरला इतकी चित्रं एकदम हलवणं जड जायचं. चित्रं कमी झाली की यंत्रावरचा भार हलका व्हायचा आणि खेळ धावू लागायचा. निशिकादोंच्या ते लक्षात आलं, आवडलं, आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. छातीत धडधड वाढवणारी ती प्रसिद्ध लय यंत्राच्या अशक्तपणातून आली.

धंद्यासाठी अवघडपणा वाढवल्याची उदाहरणं घरगुती यंत्रांवरही सापडतात. अमेरिकेत व्हिडिओ दुकानांतून खेळ भाड्याने मिळत, आणि शनिवार-रविवारच्या भाड्यात संपणारा खेळ कुणी विकत घेईल का, ही चिंता कंपन्यांना असे. ‘कॉन्ट्रा: हार्ड कोअर’ या १९९४ सालच्या खेळाच्या जपानी आवृत्तीत खेळाडू एका जिवात तीन घाव सोसू शकतो, अमेरिकी आवृत्तीत एका घावात गार. खेळ तोच, चित्रं तीच.

त्याच घराण्यातल्या जुन्या ‘कॉन्ट्रा’ची गोष्ट आपल्याला जवळची. काझुहिसा हाशिमोतो हे कोनामी कंपनीतले प्रोग्रामर. १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा पार्लरमधला खेळ घरच्या यंत्रावर आणताना त्याची चाचणी त्यांना करावी लागे, आणि तो इतका कठीण होता की तो पार करणं त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी बटणांचा एक क्रम आत घातला: वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. तो दाबला की एकदम शस्त्रसज्ज होता येई. तो क्रम तसाच बाजारात गेला. पुढे १९८८ साली ‘कॉन्ट्रा’मध्ये त्याच क्रमाने तीनऐवजी तीस लाइफ मिळू लागल्या. आपल्याकडे बनावट यंत्रांवर आणि शंभर-शंभर खेळांच्या कॅसेटींवर तीस लाइफवाला कॉन्ट्रा घरोघर पोचला. माझ्या पिढीतल्या ज्यांनी तो शेवटपर्यंत नेला, त्यांतल्या बहुतेकांनी तीस लाइफ घेऊनच नेला. ते सगळे आजही कॉन्ट्रा जिंकल्याचं अभिमानाने सांगतात, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. हाशिमोतो २०२० साली वारले. खेळ बनवणाऱ्यालाच तो झेपत नव्हता म्हणून जगातला सगळ्यांत लाडका इझी मोड जन्मला.

कलेसाठी अवघडपणा म्हटलं की आज एकच नाव पुढे येतं: हिदेताका मियाझाकी.

जपानमधल्या शिझुओकात त्यांचं बालपण बेताच्या परिस्थितीत गेलं. पुस्तकं विकत घेणं परवडत नसे, ग्रंथालयातून आणायची. तीही वयाला न झेपणारी. जे परिच्छेद कळत नसत, त्यांच्या जागा ते चित्रं बघून कल्पनेने भरून काढत. त्यांनी हे मुलाखतीत सांगितलं आहे, आणि त्यांचे खेळ खेळलेल्या कुणालाही ते चटकन पटेल, कारण त्या खेळांतली गोष्टही अशीच तुकड्यातुकड्यांनी, मोकळ्या जागा ठेवून सांगितलेली असते. पुढे ते ओरॅकलमध्ये नोकरीला लागले. ‘इको’ नावाचा खेळ पाहून त्यांचं मन फिरलं आणि २००४ साली कमी पगार पत्करून ते फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीत आले. तिथे ‘डीमन्स सोल्स’ नावाचा एक प्रकल्प रखडला होता. सगळ्यांनी तो बुडीत खात्यात टाकला होता. मियाझाकींनी तो मागून घेतला. आधीच फसलेली गोष्ट आपल्या हातून आणखी फसली तरी कोण विचारणार, हा त्यांचा हिशेब. २००९ साली तो जपानमध्ये आला. सोनीच्या शुहेई योशिदांनी सुरुवातीचे तास खेळून तो वाईट ठरवला आणि सोनीने तो अमेरिकेत काढलाच नाही. तिथे तो ॲटलसने काढला. मग तोंडोतोंडी त्याचं नाव पसरत गेलं. २०११ साली ‘डार्क सोल्स’, २०१५ साली ‘ब्लडबोर्न’, २०१९ साली ‘सेकिरो’. २०२२च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘एल्डन रिंग’च्या पहिल्या तीन आठवड्यांतच १ कोटी २० लाख प्रती गेल्या. अवघड खेळ मूठभरांसाठीच असतो, हा समज त्याने कायमचा मोडला.

या खेळांत मरणं ही शिक्षा नसते, शिकवणी असते. दरवाज्याआड कोण दबा धरून बसलंय हे पहिल्या मरणात कळतं, तो कोणत्या हाताने वार करतो हे दुसऱ्यात. पण या खेळांविषयी बोलताना त्यांची दुसरी बाजू हटकून गाळली जाते, ती म्हणजे मदत. मियाझाकी एकदा बर्फात, चढावर गाडी घेऊन अडकले होते. पुढच्या गाड्या घसरत होत्या. मागून आलेल्या गाडीने पुढच्या गाडीला टेकून ढकललं, तिच्या मागच्या गाडीने तिला, आणि असे सगळे वर पोचले. थांबून आभार मानायची सोय नव्हती, कारण थांबलं की पुन्हा घसरायचं. ती अनोळखी माणसं परत कधी भेटली नाहीत. ‘डीमन्स सोल्स’पासून पुढे या खेळांत जमिनीवर इतर खेळाडूंनी लिहून ठेवलेल्या सूचना दिसतात, बॉस, म्हणजे वाट अडवणारा बलाढ्य शत्रू, जड जात असेल तर दुसऱ्या खेळाडूला हाक मारून बोलावता येतं आणि काम झालं की तो निरोप न घेता विरून जातो. या सोयीचं मूळ त्या बर्फातल्या चढावर आहे. शिवाय कुणी जादू शिकतं, कुणी आधी हिंडून ताकद वाढवून येतं, ‘एल्डन रिंग’मध्ये तर सोबतीला आत्मे बोलावता येतात. मेन्यूत इझी मोड नाही, हे खरं. पण खेळाच्या जगात तो जागोजागी पेरलेला आहे, आणि तोही इतक्या मायेने की घेणाऱ्याला कमीपणा वाटू नये.

‘सेकिरो’ने मात्र यांतली बरीच दारं बंद केली. त्यात मदतीला कुणी येत नाही आणि ताकद वाढवून बॉसला नुसतं चिरडताही येत नाही. एक माणूस, एक तलवार. म्हणूनच २०१९च्या वसंतात सगळं भांडण याच खेळावर पेटलं.

या खेळाची अडचण जवळून दाखवते. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा सुट्टीत आला होता. आशिनाच्या किल्ल्याच्या माथ्यावर गेनिचिरो नावाचा सरदार उभा असतो. माझी मजल त्याच्यापुढे जाईना.

“मावशी, तू मागे का सरतेस?”

“तलवार येतेय म्हणून.”

“येऊ दे ना. बघूच नकोस. ऐक.”

मी ऐकलं. समोरचा वार नुसता अडवला तर बोथट आवाज येतो. वार अंगावर पडण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबलं तर टणत्कार होतो, ठिणग्या उडतात आणि समोरच्याचा तोल थोडा ढळतो. याला खेळाडू डिफ्लेक्ट म्हणतात. घाबरून बटण पटापट दाबत राहिलं तर खेळ ती नेमकी वेळ आणखी आखडून घेतो. म्हणजे घाबरटपणाची किंमत यंत्रातच लिहिलेली आहे. पळणाऱ्यालाही हा खेळ फारसं काही देत नाही, कारण तुम्ही लांब गेलात की शत्रू आपला तोल सावरून घेतो. जवळ उभं राहायचं, ऐकायचं, उत्तर द्यायचं. एका संध्याकाळी माझ्या हातांना गेनिचिरोचं बोलणं कळायला लागलं. शेवटच्या टप्प्यात तो विजेचा वार करतो, तेव्हा उडी मारून ती वीज हवेतच तलवारीवर झेलायची आणि पाय टेकायच्या आत त्याच्यावर परतवायची. ती परतवली तेव्हा आम्ही दोघं एकदम ओरडलो. हा आनंद खोटा नव्हता, आणि तो मला कुणी वाटून दिलेला नव्हता. जे म्हणतात की ‘सेकिरो’ सोपा केला तर हेच जाईल, त्यांचं म्हणणं मी त्या संध्याकाळनंतर कधीही हसण्यावारी नेणार नाही.

पण त्याच संध्याकाळी दुसरं एक दिसलं. भाचा एकोणीस वर्षांचा. तो जे सहज ऐकून दाबत होता, ते मला ऐकू तितक्याच वेळात येत होतं, अंगठ्यापर्यंत मात्र उशिरा पोचत होतं. वयानुसार माणसाची प्रतिक्रिया मंदावते, हे काही नवीन नाही. खेळाच्या आत डिफ्लेक्टची वेळ सगळ्यांना मोजून सारखी दिलेली आहे. पण तीच वेळ विशीतल्या हाताला पुरेशी, पन्नाशीतल्या हाताला अपुरी आणि संधिवाताने आखडलेल्या बोटांना जवळजवळ नसल्यातच जमा. मग सगळ्यांना एकच अनुभव मिळावा म्हणून खेळ एकाच पायरीवर ठेवला, मियाझाकींच्या या म्हणण्याला अर्थ काय उरतो? आकडा एकच ठेवला की अनुभव वेगवेगळे होतात. अनुभव एक ठेवायचा असेल तर आकडा हलवावा लागेल. माझ्या मते या सगळ्या वादाची गाठ इथे आहे, आणि दोन्ही बाजू ती सोडून कडेकडेने भांडतात.

२०१९ साली एका इंग्रजी मासिकाच्या समीक्षकाने ‘सेकिरो’चा शेवटचा बॉस संगणकावर खेळाचा वेग कमी करून हरवला आणि तसं उघडपणे लिहिलं. त्याच्यावर खेळाडू तुटून पडले: तू खेळाला फसवलंस, स्वतःलाही फसवलंस. दुसऱ्या बाजूने ‘गॉड ऑफ वॉर’चे दिग्दर्शक कोरी बार्लोग यांनी जाहीरपणे म्हटलं, की जास्त लोकांना खेळता यावं यासाठी केलेली सोय ही आपल्या कल्पनेशी केलेली तडजोड आपण कधी मानली नाही आणि मानणारही नाही. अपंग खेळाडूंनी मधला मुद्दा लावून धरला: आम्हाला सोपं नकोय, आम्हाला आधी पोचू तर द्या. बटणं बदलता येणं, अक्षरं मोठी होणं, आवाजाऐवजी खूण दिसणं या गोष्टींचा सोप्या-अवघडाशी संबंध नाही, असं त्यांतले अनेक जण म्हणतात. अनेक अपंग खेळाडू अत्यंत कठीण खेळ जिंकतातही. तरी मला ही रेघ इतकी स्वच्छ वाटत नाही. ज्याच्या हाताला कंप आहे त्याच्यासाठी डिफ्लेक्टची रुंद केलेली वेळ ही पोचण्याची वाट आहे की सोपी पायरी? त्या हाताला विचारलं तर उत्तर एकच मिळेल.

‘सेकिरो’च्या नायकाविषयी मला इथे बोललंच पाहिजे. गोष्टीच्या सुरुवातीलाच गेनिचिरो त्याचा डावा हात तोडतो. एक म्हातारा मूर्तिकार त्याला कृत्रिम हात बसवून देतो आणि त्या हाताच्या बळावर तो पुन्हा उभा राहतो. पुढचा सगळा खेळ त्या हातात काय काय बसवता येतं, यावर चालतो. एवढी सुंदर कल्पना ज्यांना सुचली, त्यांनी खेळणाऱ्याच्या हाताचा विचार खेळाच्या बाहेर का ठेवला असेल? आणि खटके मुळातच नाहीत असंही नाही. एका मंदिराच्या डोंगरावर एक घंटा आहे. ती वाजवली की सगळे शत्रू अधिक ताकदवान होतात. खेळ एकदा संपवून पुन्हा सुरू करताना कुरो या मुलाने दिलेला ताईत परत केला, तर नुसत्या अडवलेल्या वारांनीही जखम होऊ लागते. हे दोन्ही अवघडपणाचे खटकेच, कथेत सुबकपणे विणलेले. दोन्हींची दिशा मात्र वरची. खेळ आणखी कठीण करू इच्छिणाऱ्याला निवड आहे, उलट बाजूच्या माणसाला नाही.

आता उलट टोकाचं एक काम. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत एक छोटा खेळ रचला होता. तो वाढवून २०१८च्या जानेवारीत ‘सेलेस्ट’ आला. मॅडलीन नावाची मुलगी सेलेस्ट नावाचा डोंगर चढायला निघते. तिला घाबरायला होतं, श्वास कोंडतो, स्वतःचाच एक काळवंडलेला अंश तिचा पाठलाग करतो. खेळ भयंकर कठीण आहे. एका पडद्यावर एक खोली: उडी, हवेत एक झेप, भिंतीला धरणं, पुन्हा उडी. चुकलं की मरण आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच त्याच खोलीच्या सुरुवातीला. एकेका खोलीत पन्नास वेळा मरणं ही नेहमीची बाब. या कठीण खेळाच्या पोटात किती दयाळूपणा लपवला आहे, हे थॉर्सन यांनी नंतर उघड केलं. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी लागू पडते. जमिनीला टेकण्याच्या जरा आधी बटण दाबलं तरी खेळ ते लक्षात ठेवतो. कोपऱ्याला डोकं आपटलं तर खेळ मॅडलीनला हळूच बाजूला सरकवून वर जाऊ देतो. म्हणजे ‘शुद्ध’ अवघडपणातही बनवणाऱ्याचा हात खेळाडूच्या पाठीशी असतोच. आपल्याला तो दिसत नाही इतकंच.

यापुढची पायरी म्हणजे सेलेस्टचा ‘असिस्ट मोड’. त्यात सोपं, मध्यम, कठीण अशा ढोबळ पाट्या नाहीत. खेळाचा वेग दहा-दहा टक्क्यांनी निम्म्यापर्यंत उतरवता येतो. भिंतीला धरून राहायची ताकद अमर्याद करता येते. हवेतली झेप एकाऐवजी दोनदा घेता येते, हवी तितकी घेता येते. मरणच बंद करता येतं. ज्याला फक्त वेग जड जातो त्याने फक्त वेग उतरवावा, बाकी डोंगर आहे तसाच. आणि हे उघडण्याआधी खेळ तुमच्याशी सरळ बोलतो: हा खेळ कठीण असावा असं आम्ही योजलं आहे, पण प्रत्येक खेळाडू वेगळा आहे. सुरुवातीच्या मजकुरात, पहिल्यांदा खेळताना हे वापरू नये, असा सल्लाही होता. ज्यांच्यासाठी ही सोय आहे त्यांनाच तो टोचतो, हे लक्षात आल्यावर २०१९ साली तो बदलला गेला. दोन वाक्यांसाठी परत जाऊन केलेली ती दुरुस्ती मला पुरस्कारांपेक्षा मोठी वाटते, जरी पुरस्कारही या खेळाला भरपूर मिळाले.

कारण या क्षेत्राने सोपी पायरी निवडणाऱ्याचा पाणउतारा करण्यात बरीच हुशारी खर्च केली आहे. ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’मध्ये (१९९२) सगळ्यांत सोपी पायरी निवडली की नायकाच्या डोक्यावर तान्ह्या बाळाचं टोपडं दिसायचं. ‘निंजा गायडेन ब्लॅक’मध्ये (२००५) वारंवार मेलात की ‘निंजा डॉग’ नावाची पायरी देऊ केली जाते. ‘मेटल गिअर सॉलिड फाइव्ह’मध्ये (२०१५) मदत घेतली की डोक्यावर कोंबडीची टोपी. गंमत म्हणून केलेलं असेल, पण ज्या दहा वर्षांच्या मुलाला मित्रांदेखत ते टोपडं दिसलं असेल त्याला ते गमतीचं वाटलं नसणार. सोय द्यायची आणि घेणाऱ्याला लाजवायचं, यापेक्षा सोय न देणं जास्त प्रामाणिक.

आपल्याकडच्या भटक्यांना हे वेगळ्या तऱ्हेने ठाऊक आहे. हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून जाता येतं, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून जाता येतं आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेनेही जाता येतं. पाचनईची वाट आजी-आजोबाही चढतात. नळीच्या वाटेने जायला अंगात आणि मनात दोन्हीकडे तयारी लागते. नळीच्या वाटेने वर आलेल्याला कोकणकडा वेगळा दिसतो, यात शंका नाही. पण पाचनईकडून आलेला कड्यावर आडवा होऊन खाली बघत असताना त्याला ‘ऊठ’ म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. आणि पाचनईची वाट आहे म्हणून नळीची वाट उतरती झालेली नाही.

तरीही पर्याय दिल्याने काहीच जात नाही, असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनी त्याच गेनिचिरोशी झुंज दिली, या सामायिकपणातून एक गोतावळा तयार होतो. अनोळखी माणूसही “कुठे अडकलास?” म्हणून विचारतो. पायऱ्या वेगवेगळ्या झाल्या की ते बोलणं थोडं विरळ होईल. मेन्यू एका बटणावर असेल तर अडलेल्या रात्री मन तिकडे धावेल. सगळेच जण मोह आवरू शकत नाहीत, आणि काहींच्या हातून ती विजेची संध्याकाळ निसटेल. बनवणाऱ्यांचा खर्चही खरा आहे. प्रत्येक पायरी शेकडो तास तपासावी लागते. ती न तपासता नुसते आकडे फुगवले की ‘हार्ड’ म्हणजे गोळ्या शोषत राहणारे मुर्दाड शत्रू, असा जो कंटाळवाणा प्रकार होतो तो आपण सगळ्यांनी सोसला आहे. पर्याय वाईट तऱ्हेने दिले तर खेळ खरोखर बिघडतो.

म्हणून ते कसे दिले जातात याकडे पाहावं लागतं. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ने (२०२०) खेळाडूची सहनशक्ती, शत्रू, सोबती, लपून जाणं आणि सामानसुमान यांच्या पायऱ्या वेगवेगळ्या केल्या, आणि त्याखेरीज साठाहून जास्त सोयी दिल्या. ब्रँडन कोल या दृष्टिहीन खेळाडूचा सल्ला घेऊन रचलेल्या आवाजाच्या खुणांमुळे दृष्टिहीनांना तो संपूर्ण खेळता आला. ‘हेडीस’ची वाट निराळी: त्याचा ‘गॉड मोड’ सुरू केला की अंगावरच्या घावांचा वीस टक्के भार कमी होतो आणि प्रत्येक मरणागणिक तो दोन टक्क्यांनी आणखी उतरत जातो, ऐंशी टक्क्यांपर्यंत. हरत राहिलेल्या माणसाला खेळ हळूहळू हात देतो, आणि मरणं हा ज्या गोष्टीचा गाभा आहे ती गोष्टही मोडत नाही. सोल्सच्या वळणावर बेतलेल्या ‘लाइज ऑफ पी’ या कोरियन खेळाने तर बाजारात येऊन जवळपास दोन वर्षं झाल्यावर, २०२५च्या जूनमध्ये, अवघडपणाच्या पायऱ्या आणल्या. जुनी पायरी होती तशीच राहिली. ती जिंकलेल्यांचं त्यात काही गेलं नाही.

मियाझाकींचं म्हणणं बदललेलं नाही. २०२४ साली ‘एल्डन रिंग’चा पुरवणी भाग, ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’, येण्याच्या सुमारास त्यांनी सांगितलं की अवघडपणा उतरवला तर जिंकण्याचा आनंदच जाईल आणि आपल्या दृष्टीने खेळच मोडेल. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. हा माणूस कुणाला हिणवण्यासाठी अवघड खेळ करत नाही. आपण स्वतः फार निपुण खेळाडू नाही, आपणही खूप मरतो, आणि ज्यांना आपले खेळ झेपत नाहीत त्यांच्याविषयी आपल्याला वाईट वाटतं, असंही त्यांनी मोकळेपणी सांगितलं आहे. पण त्याच भागाचं काय झालं पाहा. तो २१ जूनला आला, खेळाडूंनी फार कठीण म्हणून ओरड केली, आणि आठवड्याच्या आत कंपनीने ताकद देणाऱ्या आशीर्वादांचं बळ वाढवलं. २०२५च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या टीम चेरीचा ‘सिल्कसाँग’ आला, तेव्हाही सुरुवातीचे दोन बॉस पहिल्याच दुरुस्तीत थोडे मऊ झाले. खेळ मोडले का? मोडले नाहीत. बनवणारे स्वतःचा खटका फिरवतात, आणि तो फिरवताना सरासरी खेळाडू डोळ्यांसमोर ठेवतात. सरासरीच्या बाहेरच्यांनी मात्र फिरवायचा नाही, हे मला न्याय्य वाटत नाही.

फ्रॉमसॉफ्टवेअरकडून मला ‘सेकिरो’ची सौम्य आवृत्ती नको आहे. डिफ्लेक्ट राहू द्या, टणत्कार राहू द्या, पळणाऱ्याला काही मिळू नये हेही राहू द्या. खेळाचा वेग आणि डिफ्लेक्टची वेळ, एवढ्या दोनच गोष्टी हलवता याव्यात. वर मियाझाकींनी स्वतःच्या शब्दांत लिहावं की आम्ही हा खेळ या वेगासाठी रचला आहे. ज्यांना तिथेच खेळायचंय ते खेळतीलच. भाचा तर घंटा वाजवून खेळतो. यातली निम्मी सोय आज आहेसुद्धा. खेळाडूंनीच बनवलेला एक छोटा प्रोग्राम आहे, तो चालवला की संगणकावर ‘सेकिरो’चा वेग कमी करता येतो. त्या समीक्षकासारखे अनेक जण तसे खेळले. प्लेस्टेशनवर हा प्रोग्राम चालत नाही. म्हणजे ज्याच्याकडे बऱ्यापैकी संगणक आहे आणि असलं काही शोधून बसवायची अक्कल आहे, त्याच्या हातात खटका आहे. ज्याने तोच खेळ डिस्कवर विकत आणून टीव्हीला जोडला, त्याच्या हातात नाही. वेगाचा तो आकडा खेळाच्या आत आजही आहे. मेन्यूत त्याच्यासाठी एक ओळ हवी.